अभिनयाचं बक्षीस कोण ठरवतं आणि कसं ठरवतं?

1 ऑगस्ट 2025 ला 71 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि आमच्या पानठेल्यावर तट पडले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांत वाटून दिला होता. 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी. 1992 च्या 'दीवाना'पासून पडद्यावर असलेल्या शाहरुखचा हा पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार.

"मारामारीच्या पिक्चरले कायचा राष्ट्रीय पुरस्कार गा?" एक काकाजी म्हणाले.

"तेहतीस वर्षं झाली न बाप्पा, आता तरी द्या त्याले," दुसऱ्यानं उत्तर दिलं.

पोलीस भरती आणि एमपीएससीच्या मागे लागलेली पोट्टी अर्थातच विक्रांतच्या बाजूनं. त्यांना त्या सिनेमातली खोली आणि चौथ्यांदा दिलेली परीक्षा स्वतःची वाटते.

भांडण रंगलं, पण तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते. काकाजी सिनेमाच्या प्रकारावर बोलत होते, दुसरा माणसाच्या अख्ख्या कारकिर्दीवर आणि पोट्टी कथेवर. त्या एका वर्षी त्या एका भूमिकेत नटानं काय केलं, यावर कुणीच बोललं नाही. पुरस्कार मात्र कागदोपत्री तेवढ्यासाठीच असतो. माझं म्हणणं असं की ही गफलत फक्त पानठेल्यावर होत नाही, निवड करणाऱ्यांच्या खोलीतही होते. तिथं ती का होते हे कळायचं असेल तर आधी ही बक्षिसं ठरतात कशी, ते पाहावं लागेल.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात, हिवाळ्यात दिवसा शंकरपट असतो आणि रात्री नाटक. पटात बैलजोडी किती सेकंदांत धावली हे घड्याळ सांगतं. हरलेला मालक कुरकुरतो, पण घड्याळाशी भांडत नाही. रात्रीच्या नाटकाला असं घड्याळ नसतं. खलनायक चांगला झाला की नायिका, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सिनेमाच्या पुरस्कारांची सगळी खटपट या नसलेल्या घड्याळाच्या जागी काहीतरी बसवण्याची आहे. कुणी तिथं मतपेटी ठेवली, कुणी जाणकारांची समिती बसवली.

मतपेटीचं मोठं उदाहरण ऑस्कर. पहिला सोहळा 16 मे 1929 ला हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला आणि बक्षीसवाटप पंधराएक मिनिटांत आटोपलं. आताचा कार्यक्रम पाहताना झोप आवरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तेव्हा एका नटाला वर्षभरातल्या कामाचं मिळून एक बक्षीस मिळे. एमिल यानिंग्सला दोन चित्रपटांसाठी मिळालं, जॅनेट गेनरला तीन चित्रपटांसाठी. पुढे 'एक भूमिका, एक पुरस्कार' असा नियम आला.

आज ऑस्करचं मतदान दोन टप्प्यांत होतं आणि खरी गंमत तिथंच आहे. नामांकनं फक्त नट-नट्या ठरवतात. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे जे सदस्य स्वतः अभिनेते आहेत, ते आपल्या पसंतीची नावं क्रमानं लिहितात. जागा पाच असतात. समजा 600 जणांनी मतपत्रिका भरल्या, तर ज्याला 101 जणांनी पहिली पसंती दिली त्याची जागा पक्की, कारण 101 चे सहा गट 600 मतांत बसूच शकत नाहीत, पाचच बसतात. ज्याला सगळ्यांत कमी पहिली पसंती, तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या दुसऱ्या नावाकडे जातात. याचा परिणाम असा की सगळ्यांना 'बरा' वाटणाऱ्या नटापेक्षा थोड्यांना वेड लावणारा नट लवकर आत शिरतो. कुठल्या तरी छोट्या सिनेमातला अनोळखी चेहरा नामांकनात दिसतो, तो या हिशेबामुळे.

दुसऱ्या टप्प्यात हिशेब बदलतो. आता छायाचित्रकार, संकलक, संगीतकार, वेशभूषाकार असे सगळे सदस्य मत देतात. त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. अभिनयाच्या गटात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. पाच जणांत शंभर मतं 21, 20, 20, 20, 19 अशी पडली तर 21 वाला 'जगातला सर्वोत्कृष्ट अभिनेता' म्हणून भाषण करतो आणि 79 जणांना तो नको होता हे कुणाला कळतही नाही. आकडे बाहेर येत नाहीत. ग्रामपंचायतीत निदान फलकावर लावतात.

आणि हे सगळे जण सगळे सिनेमे पाहून मत देतात का? 2025 मध्ये अकादमीनं नियम केला की ज्या गटात मत द्यायचं त्या गटातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. म्हणजे त्याआधीच्या जवळजवळ शंभर वर्षांत अभिनयाच्या गटांत अशी सक्ती नव्हती. हा नियम वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसलो. न पाहता मत द्यायची सोय असेल तिथं प्रचाराला भाव येणारच. म्हणून ऑस्करच्या आधी महिनोन्‌महिने जाहिराती, मुलाखती, खास खेळ चालतात. त्यात पैसा लागतो आणि भारतातून गेलेले सिनेमे बहुधा तिथंच मागे पडतात. आपल्या 'कोर्ट'ला भारतातर्फे पाठवलं होतं, नामांकन मिळालं नाही. 'कोर्ट'कडे पुन्हा येईन, त्यात आमचा माणूस आहे.

आपल्याकडच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मतपेटी नाही, समिती आहे. निर्माता आपला सिनेमा रीतसर अर्ज करून पाठवतो. त्या वर्षात सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेलं असलं पाहिजे. आधी विभागवार मंडळं चाळणी लावतात, मग मध्यवर्ती समितीतले दहा-बारा जण दिल्लीत बसून सिनेमे पाहतात, चर्चा करतात आणि ठरवतात. याचा मोठा फायदा असा की त्यांना सिनेमा पाहावाच लागतो आणि कन्नड, आसामी, मराठी, मल्याळम सगळं एका तराजूत येतं. मराठीला इथं न्याय मिळाला तो यामुळेच. तोटा असा की आधी नामांकनं जाहीर होत नाहीत. ऑस्करमध्ये कोण कुणाला हरला हे कळतं, इथं फक्त निकाल लागतो. शाहरुख आणि विक्रांत यांच्याबरोबर तिसरं-चौथं नाव कुणाचं चर्चेत होतं, ते आपल्याला कळत नाही. दहा-बारा जणांत एखादा आग्रही माणूस सगळ्यांना आपल्याकडे वळवू शकतो, हाही भाग आहे. आणि एकमत झालं नाही की बक्षीस वाटून द्यायचं. मला वाटून दिलेले पुरस्कार आवडत नाहीत. 60 व्या पुरस्कारांत 'पानसिंग तोमर'साठी इरफान खान आणि 'अनुमती'साठी विक्रम गोखले असे दोघं होते. दोन्ही कामं पहिल्या दर्जाची, पण एकात धावपटूचा बंडखोर होतो, तर दुसऱ्यात म्हातारा नवरा बायकोच्या उपचाराचा खर्च आणि तिचं मरण यांच्यात अडकतो. दोघांना एका पंक्तीत बसवून समितीनं निवड करायचं टाळलं, असंच मला वाटलं.

राष्ट्रीय पुरस्कारांबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हे पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. पण अभिनयाचा पुरस्कार तेव्हा नव्हताच. तो आला 1967 च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी बंगालीतले उत्तमकुमार, तेही दोन सिनेमांसाठी, आणि 'रात और दिन'साठी नर्गिस. म्हणजे 'श्यामची आई'तल्या वनमालाबाईंना अभिनयाचं राष्ट्रीय बक्षीस मिळालं नाही, यात समितीची चूक नाही. बक्षीसच अस्तित्वात नव्हतं. 'दो बिघा जमीन'मधला बलराज साहनीचा रिक्षा ओढणारा शेतकरी, त्याचंही तेच. जमिनीसाठी शहरात जाऊन हाडं झिजवणारा तो शंभू आमच्या भागात आजही कुणाला समजावून सांगावा लागत नाही. "अमक्याला एकही राष्ट्रीय पुरस्कार नाही" अशी यादी कुणी मोबाईलवर पाठवली की आधी साल पाहावं.

तिसरी पद्धत फिल्मफेअरची. तीही 1954 ची. सुरुवातीला तिचं नाव होतं 'क्लेअर्स', टाइम्स ऑफ इंडियाच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या आठवणीत. पहिल्या वर्षी बक्षिसं पाचच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीत. नट दिलीपकुमार, 'दाग'साठी. नटी मीनाकुमारी, 'बैजू बावरा'साठी. निवडीत वाचकांच्या मतांना जागा होती. लोकांना काय आवडलं ते सांगणारं बक्षीस म्हणून त्याचा मान होता आणि लोकांच्या बक्षिसात गैर काही नाही. पुढे असे सोहळे टीव्हीवर आले तेव्हा घडी बदलली. प्रक्षेपणाचे पैसे येतात, त्यासाठी बडे तारे समोर बसलेले हवेत, बडा तारा रिकाम्या हातानं परत जायला राजी नसतो, म्हणून बक्षिसांचे प्रकार वाढतात. लोकप्रिय वेगळं, समीक्षकांचं वेगळं, आणखी कसलं वेगळं. आमिर खान या सोहळ्यांना जाणं कधीचंच सोडून बसला आहे. ऋषी कपूरनं तर आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं की 'बॉबी'च्या वेळी तीस हजार रुपये देऊन त्यानं एक बक्षीस घेतलं. त्या वर्षी अमिताभ 'जंजीर' घेऊन शर्यतीत होता. म्हाताऱ्या वयात हे कबूल करायला छाती लागते, एवढं मी ऋषीच्या बाजूनं म्हणेन.

आता प्रमुख भूमिका आणि सहायक भूमिका. ऑस्करमध्ये सहायक नट-नटीचं बक्षीस 1936 च्या चित्रपटांपासून आलं, आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत थेट 1984 च्या चित्रपटांपासून. पहिली सहायक अभिनेत्री आपली रोहिणी हट्टंगडी, 'पार्टी'साठी. पण प्रमुख कोण आणि सहायक कोण याची व्याख्या कुठंच पक्की नाही. मिनिटं मोजायची म्हटली तर 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही नाही आणि त्याला बक्षीस मिळालं प्रमुख अभिनेत्याचं. 'द गॉडफादर'मध्ये अल पचिनो मार्लन ब्रँडोपेक्षा कितीतरी जास्त वेळ दिसतो, अख्खी कथा त्याच्या बदलण्याची आहे, पण नामांकन ब्रँडोला प्रमुख आणि पचिनोला सहायक. 1944 च्या 'गोइंग माय वे'मध्ये तर बॅरी फिट्झजेराल्डला एकाच भूमिकेसाठी दोन्ही गटांत नामांकन मिळालं, मग नियम बदलावा लागला. निर्माते आपल्या नटाला जिथं जिंकायची शक्यता जास्त त्या गटात ढकलतात, हे उघड गुपित आहे.

आपल्याकडे वैजयंतीमालानं हा प्रश्न ताठ मानेनं सोडवला. 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर देऊ केलं, ते तिनं नाकारलं. पारोइतकीच माझीही भूमिका मोठी आहे, मी सहायक कशी, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं. 'देवदास'मधून चंद्रमुखी काढून पाहा, उरतं काय?

प्राणचा नकार याहून वेगळा. 'बेईमान'साठी सहायक अभिनेत्याचं बक्षीस त्यानं घेतलं नाही, कारण 'पाकीजा'च्या संगीताला, गुलाम मोहम्मदला, डावललं होतं. स्वतःच्या बक्षिसावर दुसऱ्याच्या अन्यायासाठी पाणी सोडणारा पडद्यावरचा खलनायक. ब्रँडोनं ऑस्कर नाकारलं त्याची आठवण जगभर काढतात, प्राणची कमी काढतात.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. सिनेमातला अभिनय वेगळा काढून पाहताच येत नाही. 1920 च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि तो तीन ठिकाणी जोडला. एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका बाईच्या चित्रानंतर. पाहणाऱ्यांना वाटलं, काय भूक दाखवली, काय दुःख, काय ओढ! चेहरा तोच होता. तीन भाव प्रेक्षकांच्या डोक्यात तयार झाले आणि वाहवा नटाला मिळाली.

ज्यांनी नाटक केलंय त्यांना हे लगेच पटतं. आमच्या झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक मंडळींचं नाटक रात्रभर चालतं आणि नट जे करेल ते तिथंच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर. आवाज बसला तर बसला. सिनेमात नट दहा वेळा करतो, त्यातलं कुठलं ठेवायचं ते संकलक ठरवतो, डोळे भरून आले तेव्हाच कॅमेरा जवळ न्यायचा हे दिग्दर्शक ठरवतो, मागून सारंगी कधी लावायची ते संगीतकार. मग 'सर्वोत्कृष्ट अभिनेता' म्हणून जे मोजलं त्यात नटाचा वाटा किती? समितीलाही हे नीट सांगता येणार नाही. म्हणून डोळ्यांना सहज दिसणाऱ्या खुणांकडे तिचा हात जातो: वजन वाढवलं-घटवलं, आजारी माणूस केला, खरोखर होऊन गेलेली व्यक्ती उभी केली, बोली बदलली, रंगरूप बदललं. हे सगळं कष्टाचं आहेच. पण कष्ट दिसतात म्हणून अभिनय मोठा, असं होत नाही.

याच कारणानं एक उघडा, मोठा प्रसंग असलेल्या भूमिकेला बक्षीस लवकर मिळतं. इथं माझं जुनं दुखणं येतं: 1982. त्या वर्षीच्या चित्रपटांत 'अर्थ'साठी शबाना आझमीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'उंबरठा'ही राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, म्हणजे स्मिता पाटीलची सुलभा महाजन समितीनं पाहिली होतीच. 'अर्थ'मध्ये शबानाचा तो पार्टीतला प्रसंग आहे, दारू चढलेली, पदर सुटलेला, नवऱ्याला आणि त्याच्या प्रेयसीला सगळ्यांसमोर ऐकवते. (प्रेयसी कोण, तर स्मिताच!) तो प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. 'उंबरठा'त असा एकही प्रसंग नाही. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून येते, कागद तपासते, संचालकांसमोर शब्द गिळते, मुलीच्या आठवणीनं कासावीस होते आणि सांगत नाही. काहीच एकदम होत नाही. दोन तासांत तिची मान हळूहळू ताठ होत जाते, चालणं बदलतं, आणि शेवटी घरी परतल्यावर नवरा जे सांगतो ते ऐकताना ती रडतही नाही. एखादा तुकडा काढून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही, आणि ज्याचा तुकडा दाखवता येत नाही ते काम समितीत हरतं. माझं मत स्मिताला. शबाना वाईट होती असं नाही. तिचे 'अर्थ', 'खंडहर', 'पार' असे सलग तीन वर्षं तीन पुरस्कार आहेत आणि 'खंडहर'मधली शबाना तर 'अर्थ'पेक्षा कितीतरी शांत आणि खोल आहे. स्मितालाही 'भूमिका' आणि 'चक्र'साठी दोनदा मिळालाच. पण 'उंबरठा' राहिला तो राहिला. 1986 मध्ये ती 31 वर्षांची असताना गेली, पुढच्या संधीचा प्रश्नच उरला नाही.

पुढची संधी, यावरूनच कारकिर्दीचा मुद्दा येतो. पानठेल्यावरचा दुसरा गडी 'आता तरी द्या त्याले' म्हणाला, तसंच मोठ्या समित्याही म्हणतात. अल पचिनोला 'गॉडफादर'च्या दोन भागांनी काही दिलं नाही आणि 1993 मध्ये 'सेंट ऑफ अ वुमन'साठी ऑस्कर मिळालं. आंधळा, मोठ्यानं बोलणारा, शेवटी भाषण ठोकणारा लष्करी अधिकारी. चांगलं काम, पण 'गॉडफादर'मधल्या त्याच्या मायकल कॉर्लिओनीच्या पासंगालाही पुरत नाही. ते बक्षीस जुन्या उधारीचं होतं. शाहरुखचंही मला तसंच वाटतं. 'जवान'मध्ये त्यानं बाप आणि मुलगा दोन्ही केले, त्यातला म्हातारा बाप मजेदार आहे, आणि कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्याचा भाग आमच्या टॉकीजमध्ये लोकांनी श्वास रोखून पाहिला. पण अभिनयाचं बोलायचं तर त्याचं 'स्वदेस' आणि 'चक दे इंडिया'मधलं काम याच्या कितीतरी पुढचं आहे. तेव्हा दिलं असतं तर कुणी भांडलं नसतं. उधारी फेडायला वेगळी सोय आहे, जीवनगौरव आहे, फाळके पुरस्कार आहे. त्यासाठी एका वर्षाच्या बक्षिसाचा अर्धा भाग द्यायची गरज नव्हती. विक्रांतनं त्या वर्षी तो पुरस्कार एकट्यानं घ्यावा असं काम केलं होतं.

एकाच कामाचं दोन ठिकाणी किती वेगळं मोल होतं याचं घरचं उदाहरण म्हणजे 'गांधी'. बेन किंग्जलेला ऑस्कर मिळालं, चित्रपटाला एकूण आठ मिळाली, त्यातलं एक वेशभूषेसाठी भानू अथैयांचं. कस्तुरबा केलेल्या रोहिणी हट्टंगडींना ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, ऑस्करमध्ये मात्र साधं नामांकनही नाही. सेवाग्रामला बा कुटी पाहून आलेल्या कुणालाही विचारा, त्या सिनेमातल्या बांशिवाय गांधी उभे राहतात का.

आता 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेच्या या सिनेमाला 62 व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारला नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते व्यवसायानं नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. 2021 मध्ये करोनानं नागपुरातच गेले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून "हे गाणं मी लिहिलेलं नाही, पण लिहू शकतो" अशा थाटात शांतपणे उत्तर देणारा तो शाहीर ज्यानं पाहिलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय. चित्रपटाला सर्वोच्च मान आणि त्यातल्या एकाही नटाला अभिनयाचं बक्षीस नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेता संचारी विजय, कन्नड सिनेमातला, आणि त्याचं काम मोठं होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण सहायकाच्या गटातही वीरा साथीदार नाहीत.

याचं कारण माझ्या मते एकच. जो माणूस नट म्हणून ओळखला जात नाही त्याचं काम 'अभिनय' म्हणून मोजलंच जात नाही. "तो तर तसाच आहे, त्यात त्यानं केलं काय?" असं म्हणून विषय संपवतात. गावाकडचा, वस्तीतला, बोलीत बोलणारा चेहरा असेल तर हे आणखीच सहज होतं. मग त्याला विशेष उल्लेख मिळतो, म्हणजे प्रमाणपत्र, ना पदक ना रक्कम. 'सैराट'साठी रिंकू राजगुरूला तेच मिळालं. नाहीतर बालकलाकाराचा पुरस्कार: 'फँड्री'चा सोमनाथ अवघडे, 'नाळ'चा श्रीनिवास पोकळे. श्रीनिवासला तर 'नाळ 2'नं तो दुसऱ्यांदा मिळवून दिला. लहान मुलांना हक्कानं मिळतं, कारण तिथं कुणी "हा नट आहे का?" विचारत नाही. कॅमेऱ्यासमोर स्वतःसारखं राहणं किती अवघड असतं ते कळायचं असेल तर लग्नाच्या व्हिडिओत आपण स्वतः कसे दिसतो ते आठवावं.

अपवाद आहेत आणि ते मराठीतच जास्त आहेत. नागपूरच्या राजेश पिंजानी यांच्या 'बाबू बँड बाजा'साठी मिताली जगतापला, 'धग'साठी उषा जाधवला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकीत बँडवाल्याची बायको, पोराला शिकवायचं म्हणून हट्टाला पेटलेली. दुसरीत मसणवटीचं काम करणाऱ्या घरातली आई. 'जोगवा'चा उपेंद्र लिमये, 'देऊळ'चा गिरीश कुलकर्णी हेही त्याच काळातले. हे सगळे सराईत कलाकार आहेत आणि त्यांनी गाव उभं केलं. पण हे सिनेमे तेव्हा आमच्या तालुक्याच्या टॉकीजला आलेच नाहीत. पेपरात पुरस्काराची बातमी वाचायची आणि सिनेमा कित्येक वर्षांनी मोबाईलवर पाहायचा, असंच चाललं. पुरस्कारानं सिनेमा प्रेक्षकांपर्यंत पोहोचावा अशी अपेक्षा असेल तर निदान आमच्याकडे ती पुरी झाली नाही.

झाडीपट्टीत नटाची किंमत वेगळ्या रीतीनं ठरते. दिवाळीनंतर गावोगावची मंडळं वडशाला येतात आणि नाटक ठरवतात. गेल्या हंगामात ज्यानं रात्री दोन वाजता झोपलेल्या प्रेक्षकाला उठवून बसवलं, त्याचं नाव घेऊनच बोलणी सुरू होतात. "तो बाबू आहे न यंदा? मंग द्या तारीख." यात लबाडीला जागा कमी आहे, पण हा तराजूही सरळ नाही. हशा पिकवणारा आणि गाणारा इथं नेहमी पुढे जातो, शांतपणे काम करणारी बाई मागे राहते, अगदी 'उंबरठा'सारखं. 2023 मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल दिल्लीनं पहिल्यांदा ठळकपणे घेतली, आणि ती योग्य माणसासाठी घेतली.

बक्षिसांचे गट कायमचे कोरलेले नसतात, हेही पाहण्यासारखं आहे. बर्लिनच्या महोत्सवानं 2021 पासून अभिनेता-अभिनेत्री हा भेद काढून टाकला, तिथं आता प्रमुख भूमिकेचं एक आणि सहायक भूमिकेचं एक बक्षीस असतं. मला ते तत्त्व म्हणून पटतं, पण आपल्याकडे तसं केलं तर बायकांच्या वाट्याचं अर्धं बक्षीसही पुरुषांकडे जाईल अशी भीती वाटते, कारण भूमिकाच तशा लिहिल्या जातात. आणि ऑस्करनं 2025 च्या चित्रपटांपासून एक नवा गट सुरू केला: भूमिकेसाठी माणूस निवडणाऱ्याचा, म्हणजे कास्टिंगचा. हा मला सगळ्यांत शहाणपणाचा बदल वाटतो. कुलेशोव्हच्या प्रयोगापासून जो गुंता आहे, की नटाचं काम कुठं संपतं आणि दुसऱ्यांचं कुठं सुरू होतं, त्यातला एक धागा तरी यानं सुटा होतो. 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्त्यांतली पोट्टी अमिताभसमोर उभी राहिली आणि कुठं उणी पडली नाहीत. त्यांना हुडकून आणणाऱ्याचं काम कुठल्याही नटाच्या कामाइतकंच मोठं होतं. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्या कामाला अजून रकाना नाही. तो उघडला तर मी पहिलं नाव नारायण कांबळ्याच्या भूमिकेसाठी वीरा साथीदारांपर्यंत जाऊन पोहोचलेल्यांचं सुचवेन, मागच्या तारखेनं द्यायची सोय असेल तर.